खाली फोड आलेत? पहिले तीन दिवस वाया घालवू नका

मे महिन्यात नागपुरात जांघेत आग व्हायला लागली की माणूस पहिला दोष उन्हाला देतो. पारा पंचेचाळीसच्या घरात, दिवसभर जीन्स घालून गाडीवर फिरणं, घामानं अंगाला चिकटलेले कपडे. घामोळ्या असतील, घासलं गेलं असेल, गजकर्ण असेल असं वाटतं. लघवीला जळजळ असेल तर घरातलं कोणीतरी ‘उन्हाळी लागली’ म्हणत सब्जा भिजत घालतं, धन्याचं पाणी करून देतं. बहुतेक वेळा हे अंदाज बरोबरही निघतात. पण कधीकधी त्या आगीच्या मागे हर्पीसचा विषाणू असतो. तो पहिल्यांदाच उमटत असेल, तर सुरुवातीचे तीन दिवस फार मोलाचे असतात, आणि नेमके तेच दिवस पावडर, सब्जा आणि मेडिकल स्टोअरमधून आणलेली कुठलीशी ट्यूब यांत निघून जातात.

मी नागपुरात लैंगिक आजारांच्या रुग्णांशी बोलायचं काम करते. डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. डॉक्टरांनी तपासून गोळ्या लिहून दिल्या की माणूस माझ्यासमोर येऊन बसतो. आत तोंडातून निघाले नाहीत ते सगळे प्रश्न मग इथे निघतात. त्यातले बरेचसे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूचे दोन प्रकार आहेत, एक नंबर आणि दोन नंबर. ताप येऊन गेला की काहीजणांच्या ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका उठतो, तो बहुधा एक नंबरचा. लिंगावर, योनीमुखाशी, गुदद्वाराजवळ, मांडीच्या आतल्या बाजूला किंवा कुल्ल्यांवर उठतो तो पुष्कळदा दोन नंबरचा. पण ही वाटणी पक्की नाही. मुखमैथुनातून एक नंबरही खाली पोचतो, आणि पहिला जोर दोघांचा सारखाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार जगात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ८४ कोटी ६० लाख लोकांच्या जननांगांत हा संसर्ग आहे, म्हणजे पाचातल्या एकाहून जास्त. त्यातल्या बहुतेकांना त्याची कल्पनाही नाही.

पहिली खूण फोड नसते

संसर्ग झाल्यावर साधारण २ ते १२ दिवसांत, बऱ्याच जणांना चौथ्या दिवसाच्या आसपास, त्या जागी चुणचुण सुरू होते. खाज येते, मुंग्या आल्यासारखं वाटतं, आग होते, पण बघायला गेलं तर काही दिसत नाही. याच सुमारास कणकण येते, डोकं जड होतं, अंग मोडून येतं. जांघेत दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या दुखऱ्या गाठी येतात, आपल्याकडे ‘अवधाण आलं’ म्हणतात तशा. फ्लू झाला असेल म्हणून माणूस क्रोसिन घेतो आणि झोपतो.

मग फोड दिसतात. लालसर कातडीवर अगदी बारीक, पाणी भरलेल्या फोडी, पाच-सहा किंवा त्याहून जास्त, एका ठिकाणी दाटीनं. एक-दोन दिवसांत त्या फुटतात आणि तिथे उथळ, ओलसर, प्रचंड दुखणाऱ्या जखमा उरतात. बायकांच्या बाबतीत पुष्कळदा फोड दिसतच नाहीत. ओलसर जागेवर ते लगेच फुटतात आणि थेट जखमाच लक्षात येतात. कधी गर्भाशयाच्या मुखावर जखमा असतात आणि बाहेर फक्त पाण्यासारखा स्राव दिसतो. पहिल्या वेळी जुन्या जखमा सुकत असताना शेजारी नवे फोड येत राहतात. त्यामुळे औषध नाही घेतलं तर हे सगळं दोन ते चार आठवडे चालतं. कोरड्या कातडीवरच्या जखमांवर खपली धरते, ओलसर जागेवरच्या तशाच भरून येतात. डाग सहसा राहत नाहीत.

आता लघवीच्या जळजळीबद्दल, कारण गफलत सगळ्यात जास्त इथेच होते. लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग झाला असेल तर जळजळ आतून होते, पुन्हा पुन्हा लागते, गेलं की थेंबभरच होते. हर्पीसमध्ये लघवी आतून बाहेर येईपर्यंत बहुधा काही वाटत नाही. ती बाहेरच्या उघड्या जखमेवरून ओघळली की तिथे चटका बसतो. अशा एका ताईंना आधी दोन वेगवेगळ्या ठिकाणी लघवीच्या संसर्गाची औषधं मिळाली होती. जळजळ आत होते की बाहेर, हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, आणि स्वतःहून सांगायला त्या लाजल्या. तपासणीच्या टेबलावर झोपल्यावर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला. म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर ‘लघवीला जळजळ’ एवढंच सांगून थांबू नका. ‘बाहेर जखम आहे, तिला लघवी लागली की झोंबतं’ हे पूर्ण वाक्य बोला. आणि जागा दाखवा. हा आजार न बघता ओळखायचा नाही.

डॉक्टरकडे जायला एखादा दिवस लागणार असेल तर मोबाइलवर जवळून, उजेडात एक फोटो काढून ठेवा. फोड ताजे असताना जे कळतं ते सुकल्यावर कळत नाही. दाखवून झालं की फोटो पुसून टाका, आणि फोन आपोआप फोटो दुसरीकडे साठवत असेल तर तिथूनही.

खालची प्रत्येक जखम हर्पीसची नसते

एकटीच, न दुखणारी, बोटाला कडक लागणारी जखम असेल तर आधी सिफिलिस (गरमी) या दुसऱ्या लैंगिक आजाराचा विचार करावा लागतो. ती दुखत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात आणि ती आपोआप भरतेही, पण आजार शरीरात पुढे सरकत राहतो. खरूज असेल तर खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांतही पुरळ असतं आणि घरातले बाकीचेही खाजवत असतात. केस काढताना झालेल्या पुटकुळ्या केसांच्या मुळाशी असतात. नागीण वेगळीच, तिच्यामागे कांजिण्यांचा विषाणू असतो आणि ती शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उमटते. डॉक्टरांनी ‘हर्पीस’ म्हटलं की काहीजण नागीण समजून उतरवून घ्यायला जातात. त्यात दिवस जातात आणि हाती काही लागत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे बरीच आढळते, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. जुलाबाची, दुखण्याची किंवा तापाची एखादी गोळी घेतल्यावर काही तासांत लिंगावर किंवा आसपास गोल, जांभळट-काळसर चट्टा उठतो, कधी त्यावर फोड येऊन सालही निघते. ही त्या औषधाची अॅलर्जी. पुढच्या वेळी तेच औषध घेतलं की बरोबर त्याच जागी पुन्हा उठतो. पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो म्हणून वर्षानुवर्षं हर्पीस समजून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. गेल्या दोन दिवसांत कोणती गोळी घेतली, हे डॉक्टरांना जरूर सांगा.

गोळी तीन दिवसांतच का

शरीरात शिरलेला विषाणू कातडीतल्या पेशींत स्वतःच्या प्रती काढत सुटतो. फोड आणि जखमा त्याच्याच. त्याच वेळी तो तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांतून आत शिरतो, वर चढतो आणि कण्याच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या गाठींत जाऊन बसतो. तिथे त्याला ना आपली प्रतिकारशक्ती पूर्ण गाठू शकते, ना औषध. वावरातली हराळी कितीही खुरपली तरी मुळं जमिनीत राहतात आणि पाऊस पडला की कुठूनतरी पुन्हा फुटतात, तसा हा प्रकार आहे. म्हणून हर्पीस मुळासकट जात नाही. पण पहिला भडका आटोक्यात आणता येतो, आणि तो लवकर आणला तर माणसाचे बरेच हाल वाचतात.

गोळीचं नाव अॅसायक्लोविर. तिच्यामागच्या संशोधनात मोठा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. ही गोळी पोटात गेल्यावर निष्क्रिय असते. विषाणूनं पछाडलेल्या पेशीत ती पोचली की विषाणूचंच एक विकर (एन्झाइम) तिला जागं करतं आणि ती प्रती काढण्याचं काम थांबवते. निरोगी पेशीत ते विकर नसतं, त्यामुळे तिथे ती फारसा धक्का लावत नाही. इतक्या वर्षांच्या वापरात ती सुरक्षित ठरली आहे ती यामुळे. तीन दिवसांची घाईही यातूनच येते. गोळी नव्या प्रती थांबवते, आधीच झालेली जखम भरत नाही. फोड येऊन ७२ तास व्हायच्या आत सुरू केली तर दुखणं, ताप आणि दिवस, तिन्ही कमी होतात. त्यानंतरही नवे फोड येत असतील किंवा ताप, अंगदुखी असेल तर ती द्यावीच लागते, म्हणून चौथा दिवस उजाडला म्हणून घरी बसू नका.

पहिल्या वेळी साधारणपणे अॅसायक्लोविर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सात ते दहा दिवस देतात. काही डॉक्टर व्हॅलॅसायक्लोविर १ ग्रॅम दिवसातून दोनदा देतात. ती महाग पडते, पण दोनच वेळा घ्यायची असल्यानं चुकत नाही. फॅमसायक्लोविर हा तिसरा पर्याय. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून स्वतःच्या मनानं दुकानातून आणून सुरू करू नका. गोळ्या चालू असताना पाणी भरपूर प्या. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून कोर्स सोडू नका. अॅसायक्लोविरची मलम मिळते, पण खालच्या पहिल्या उद्रेकात तिचा उपयोग अगदीच थोडा, गोळीच लागते.

सरकारी दवाखान्यात हे फुकट मिळतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमानं लैंगिक आजारांसाठी रंगांच्या किट ठरवल्या आहेत, त्यात हर्पीसच्या जखमांची किट लाल. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचा व गुप्तरोगाचा विभाग आहे, मिहानमधल्या एम्समध्ये त्वचारोग विभाग आहे, आणि बायकांना डागा स्मृती रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवता येतं. ओपीडीची चिठ्ठी काढताना खिडकीवर आजाराचं नाव मोठ्यानं सांगायची गरज नसते. ‘स्किन’ एवढं म्हटलं तरी पुरतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्या खिडकीवर काय सांगायचं या विचारानंच कित्येकजण रांगेतून परत फिरतात.

घरी काय करायचं

हिंगणा रोडला खोली करून राहणारा एक पोट्टा आला होता. चालताना पाय फाकवून, भिंतीला धरून. त्यानं दिवसातून तीन-चारदा जखमांवर डेटॉल ओतलं होतं, तेही पाणी न घालता. जखमेभोवतीची कातडी पांढुरकी पडून सोलून निघाली होती आणि मूळ फोड कुठले, डेटॉलनं भाजलेलं कुठलं, हे डॉक्टरांनाही पटकन ओळखू येईना. ‘जंतू मरतील वाटलं जी,’ तो म्हणाला. त्याचं वाटणं चुकीचं नव्हतं. पण विषाणू कातडीच्या पेशींच्या आत असतो, वरून ओतलेलं काहीच त्याच्यापर्यंत जात नाही. डेटॉल, सॅव्हलॉन, हळद, लिंबू, टूथपेस्ट, तुरटी यातलं काहीही लावू नका. तीन औषधं एकत्र असलेली, ‘खाजेची’ म्हणून मिळणारी ट्यूब तर अजिबात नाही. तिच्यात स्टेरॉइड असतं, ते तिथली प्रतिकारशक्ती दाबतं आणि जखमा पसरतात.

करायचं ते साधं आहे. टबात किंवा पसरट घमेल्यात कोमट पाणी घ्या, लिटरभर पाण्याला चमचाभर मीठ टाका आणि दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं त्यात बसा. नंतर मऊ सुती कापडानं टिपून घ्या, घासू नका. लघवीला बसताना कोमट पाण्याचा मग भरून घ्या आणि लघवी करताना वरून ओतत राहा. पाण्यामुळे लघवी पातळ होते आणि जखमेवरून लगेच वाहून जाते, चटका निम्म्याहून कमी होतो. फारच झोंबत असेल तर टबातल्या पाण्यात बसूनच करा; त्यात लाजण्यासारखं काही नाही, नंतर टब साबणानं धुऊन घ्या. आधी जखमेवर व्हॅसलिनचा पातळ थर लावला तरी फरक पडतो. डॉक्टरांना विचारून बधिर करणारी लिग्नोकेन जेली घेता येते. दुखण्याला आणि तापाला पॅरासिटामॉल चालते.

लघवी झोंबते म्हणून माणूस पाणी प्यायचं कमी करतो. हे अगदी उलट आहे. पाणी कमी झालं की लघवी घट्ट, पिवळी होते आणि जास्त झोंबते. नागपूरच्या उन्हाळ्यात तर आणखीच. कपडे सैल सुती घाला. लुंगी, गाऊन, पातळ पायजमा जे असेल ते. शक्य असेल तर दोन दिवस गाडी बंद ठेवा.

जखमेला हात लागला तर साबणानं धुवा, आणि तोवर डोळ्याला लावू नका. पहिल्या वेळी शरीरात प्रतिकार तयार झालेला नसतो, त्यामुळे विषाणू बोटावरून डोळ्यात किंवा दुसऱ्या जागी जाऊ शकतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर या काळात चष्मा बरा. घरातल्यांना मात्र तुमच्यापासून धोका नाही. संडास, बादली, साबणाच्या पाण्यात धुतलेले कपडे, एका ताटात जेवण, यातून हा पसरत नाही. टॉवेल वेगळा ठेवा, एवढं बास.

वाट बघायची नाही अशा वेळा

लघवी लागली आहे आणि सहा-आठ तास होतच नाही, ओटीपोट टम्म झालं आहे, तर लगेच रुग्णालयात जा, रात्र असली तरी. हर्पीस त्या भागातल्या मज्जातंतूंना सूज आणतो, त्यामुळे कधीकधी लघवी अडते आणि काही दिवस नळी घालावी लागते. लघवी नंतर पूर्ववत होते, पण वेळेवर मोकळी करणं गरजेचं असतं. मान ताठर, असह्य डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणं, किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागणं, ही मेंदूशी संबंधित लक्षणं आहेत. तेव्हाही थांबू नका. डोळा लाल होऊन दुखू लागला तरी तेच. गरोदर असाल, एचआयव्ही असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर थोडा त्रास असला तरी त्याच दिवशी दाखवा.

तपासण्यांचा गोंधळ

अनुभवी डॉक्टर बहुतेक वेळा बघूनच ओळखतात आणि औषध सुरू करतात. खात्री हवी असेल तर ताज्या फोडातल्या पाण्याचा किंवा ओल्या जखमेचा स्वॅब घेऊन पीसीआर करतात. त्यात विषाणू आहे का आणि एक नंबर की दोन नंबर, दोन्ही कळतं. खपली धरल्यावर तो सापडायची शक्यता कमी होते. नंबर कळण्याचा उपयोग आहे. दोन नंबर खाली असेल तर पहिल्या वर्षात चार-पाचदा उलटणं नेहमीचं. एक नंबर खाली असेल तर वर्षात एखाद्या वेळी, पुष्कळांना परत कधीच नाही.

रक्ताची तपासणी वेगळी. ती विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं शोधते. ती तयार व्हायला काही आठवडे, कधी तीन महिने लागतात. म्हणजे फोड आल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेली रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून हर्पीस नाही असं ठरत नाही. आयजीएम नावाची तपासणी तर हर्पीससाठी भरवशाची नाहीच. ती जुन्या संसर्गातही पॉझिटिव्ह येते, कधी काहीच नसताना येते.

याचा सगळ्यात मोठा मनस्ताप गरोदर किंवा गर्भपात झालेल्या बायकांना होतो. टॉर्च नावाचं एक पॅकेज लिहून दिलेलं असतं, त्यात हर्पीसही असतो. रिपोर्टवर ठळक अक्षरात ‘पॉझिटिव्ह’ छापून येतं, घरातलं कोणीतरी ते इंटरनेटवर शोधतं आणि त्या बाईला कुठे कुठे उत्तरं द्यावी लागतात. मोठ्या माणसांपैकी बहुतेकांच्या रक्तात एक नंबरची प्रतिपिंडं असतातच, लहानपणी कोणीतरी पापी घेतली तेव्हापासून. दोन्ही नंबर एकत्र मोजणाऱ्या त्या रिपोर्टवरून तिच्या चारित्र्याबद्दल तर नाहीच, पण जननांगाच्या हर्पीसबद्दलही काही ठरत नाही. ज्यांनी ती तपासणी लिहून दिली त्यांनी हे घरच्यांना बसवून सांगायला हवं. बऱ्याचदा सांगत नाहीत, आणि याचा मला राग येतो.

करायच्या तपासण्या म्हणजे एचआयव्ही आणि सिफिलिसच्या, कारण लैंगिक आजार जोडीनं येऊ शकतात. दोन नंबरचा हर्पीस असलेल्याला एचआयव्ही लागण्याचा धोका साधारण तिप्पट असतो. जखम हे त्याला मिळालेलं उघडं दार असतं. शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रात या तपासण्या मोफत आणि गोपनीय होतात. आज निगेटिव्ह आल्या तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायच्या. १०९७ हा एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा टोल-फ्री नंबर आहे. लैंगिक आजारांबद्दल नाव न सांगता तिथे विचारता येतं.

‘मग हे आलं कुठून?’

हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो, आणि तो कधीच नुसता वैद्यकीय नसतो. लग्नाला बरीच वर्षं झालेलं एक जोडपं माझ्यासमोर बसलं होतं. तिला फोड आले होते. ती पूर्ण वेळ टेबलाच्या कडेकडे बघत होती. नवरा म्हणाला, ‘मॅडम, मी तर कुठंच गेलो नाही जी. मग काहून आलं हे?’ या वाक्यात तिच्यावरचा आरोप होता आणि स्वतःबद्दलची भीतीही. स्वॅबमध्ये एक नंबर निघाला. डॉक्टरांनी त्याला विचारलं, तुमच्या ओठावर कधी ताप उमटतो का? उमटायचा, लहानपणापासून, दर हिवाळ्यात. तो आजार आहे असं त्याला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. आता ती टेबलावरून नजर उचलून त्याच्याकडे बघत होती.

प्रत्येक वेळी इतकं स्वच्छ उत्तर मिळत नाही. दोन नंबरचा संसर्ग झालेल्या बहुतेकांना लक्षणं येत नाहीत किंवा इतकी किरकोळ येतात की कळत नाहीत. त्यामुळे ज्याच्याकडून आला त्यालाही ठाऊक नसतं. शिवाय आज उठलेले फोड आजच्याच संसर्गाचे असतील असंही नाही. काहींच्या शरीरात विषाणू कित्येक वर्षं गप्प असतो, आणि पहिला दिसणारा उद्रेक फार उशिरा येतो. असा उशिरा आलेला पहिला उद्रेक बहुधा सौम्य असतो, कारण शरीराची त्याच्याशी आधी ओळख झालेली असते. फोड आले त्याच वेळी एक आणि दोन नंबर वेगवेगळे दाखवणारी आयजीजी ही प्रतिपिंडांची तपासणी केली, ती निगेटिव्ह निघाली आणि तीन महिन्यांनी पॉझिटिव्ह झाली, तर संसर्ग नवा होता एवढं सांगता येतं. कोणी दिला, हे त्यातूनही कळत नाही. लग्नाआधीचा असेल, लग्नानंतरचा असेल, ओठातून आलेला असेल. माझं कळकळीचं सांगणं आहे: जखमा ओल्या असताना या प्रश्नाचा निकाल लावायला बसू नका. त्या दिवसांत ताप असतो, झोप नसते, आणि तेव्हा तोंडातून निघालेले शब्द परत घेता येत नाहीत.

जोडीदाराला सांगायचं का? सांगायचं. त्यालाही तपासून घ्यायचा हक्क आहे. फार लांबण लावू नका. ‘मला हर्पीस निघाला आहे. बऱ्याच लोकांना असतो, कळत नाही. तुलाही असू शकतो किंवा नसूही शकतो. आपण दोघं डॉक्टरांशी बोलू.’ एवढं पुरे. अवघड वाटत असेल तर जोडीदाराला घेऊन समुपदेशकाकडे या; आम्ही त्यासाठीच असतो.

पुढे

जखमा पूर्ण भरून नवी कातडी येईपर्यंत संबंध ठेवायचा नाही, कंडोम लावूनही नाही. मुखमैथुनही नाही. त्यानंतर कंडोमनं धोका बराच कमी होतो, संपत नाही, कारण विषाणू कंडोम न झाकणाऱ्या कातडीवरही असतो आणि फोड नसतानाही मधूनमधून बाहेर पडत असतो. फोड उलटले तर सहसा पहिल्यासारखे नसतात. आधी चुणचुण, मग चार-दोन फोडी, आठवडा-दहा दिवसांत साफ. ताप, जागरण, मनावरचा ताण, पाळी, घर्षण ही निमित्तं असतात. चुणचुण कळायला लागली की लगेच घ्यायच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवता येते. वर्षात सहा किंवा जास्त वेळा त्रास होत असेल तर रोज थोड्या मात्रेची गोळी काही महिने देतात. एकाला दोन नंबरचा हर्पीस आणि दुसऱ्याला नाही, अशा जोडप्यांवरचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलॅसायक्लोविरनं दुसऱ्याला होणारा संसर्ग जवळपास निम्म्यावर आला.

‘लग्न ठरलं आहे, मोडू का?’ असं विचारणारी मुलं-मुली येतात. हर्पीसनं वांझपण येत नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो तो एचपीव्ही या वेगळ्या विषाणूनं, हर्पीसनं नाही. संसार होतो, मुलं होतात. लग्नाआधी समोरच्याला सांगावं असं माझं मत आहे. नंतर कळलं तर आजारापेक्षा लपवल्याचं दुःख मोठं होतं. हर्पीस मुळासकट घालवून देतो असं सांगणारी भिंतीवरची जाहिरात मात्र खरी नाही, मग तो जाहिरातवाला पुड्या देवो, काढे देवो की इंजेक्शन. तसं औषध आजमितीला कुठेच नाही, आणि त्यांच्याकडे हजारो रुपये घालवून आलेली माणसं शेवटी त्याच गोळीवर येतात.

गरोदरपणाबद्दल वेगळं सांगायला हवं. ज्या बाईला आधीपासून हर्पीस आहे तिचं शरीर बाळाला संरक्षक प्रतिपिंडं देतं, त्यामुळे बाळाला संसर्ग होण्याचा धोका शेकडा एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. खरा धोका आहे तो शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच संसर्ग झाला तर. तेव्हा नैसर्गिक बाळंतपणात तो शेकडा ३० ते ५० पर्यंत जातो, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून नवऱ्याला हर्पीस असेल आणि बायकोला नसेल, तर त्या तीन महिन्यांत संबंध टाळावा, त्याच्या ओठावर फोड असतील तर मुखमैथुनही. अॅसायक्लोविर गरोदरपणात देता येते. आधीपासून त्रास असलेल्यांना ३६व्या आठवड्यापासून रोज देतात, म्हणजे बाळंतपणाच्या वेळी फोड नसतील. कळा सुरू होताना फोड किंवा त्यांची चुणचुण असेल तर सिझर करतात.

हे सगळं जमून यायला डॉक्टरांना आधीपासून माहीत असायला हवं. नाव नोंदवायला जाल त्याच दिवशी सांगा. माता-बाल कार्ड घरात सगळ्यांच्या हाती पडतं याची धास्ती असेल, तर डॉक्टरांना तसं मोकळेपणानं सांगा आणि त्यांच्याकडच्या कागदावर नोंद करायला लावा. कळा सुरू होऊन दवाखान्यात पोचलात की तिथे ड्युटीवर असलेल्यांनाही पुन्हा सांगा, कारण रात्री दोन वाजता तिथे तुमचे नेहमीचे डॉक्टर असतीलच असं नाही. स्तनावर फोड नसतील तर बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. आणि बाळाला बघायला येणाऱ्यांपैकी कोणाच्याही ओठावर फोड असेल, आजी असो की आत्या, त्यांनी खपली पडून कातडी साफ होईपर्यंत पापी घ्यायची नाही.